दक्षिणेचा उतार

कोद्रिचांची नातवंडं आज आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात सांगतात, "या टेकडीवर पहिली द्राक्षं आमच्या आजोबांनी लावली. स्लोव्हेनियातून आले तेव्हा हातात फक्त एक ट्रंक होती!" ट्रंक होती, खरं आहे. द्राक्षंही लावली, तेही खरं. पण टेकडीच्या कुठल्या अंगाला लावली, हे एकही कार्टं सांगत नाही. आणि त्यापायी आजीने आठ वर्षं काय काय गिळलं, ते तर कुणाच्या गावीही नाही.

आजी म्हणजे आल्बिना. तिचं भांडण द्राक्षांशी नव्हतंच मुळी. तिचं भांडण होतं कपड्यांच्या दोरीशी.

मेलबर्नपासून दीड तासावर, यारा नदीच्या वर ती टेकडी. माथ्यावर घर. घरापुढे दक्षिणेचा उतार, त्यावर तिच्या नवऱ्याच्या, ल्युदविकच्या, सातशे वेली. घरामागे, उत्तरेला, बारा पावलांची पट्टी. तिथे कोंबड्यांचं खुराडं, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या डोरिसबाईंचं कुरण, उत्तरेकडे उतरत गेलेलं. आणि कपड्यांची दोरी? ती पुढे, दक्षिणेला. ल्युदविकने दोन लोखंडी खांब सिमेंटात पुरले होते आणि वर ऐटीत म्हणाला होता, "रणगाडा आला तरी हलायचे नाहीत." नाहीच हलले. जूनच्या थंडीत, इथे हिवाळा तेव्हाच येतो, दिवसभर घराचीच सावली त्या दोरीवर. आल्बिना सोमवारी चादर वाळत घालायची, ती बुधवारीही ओली, आणि तिला कुबट वास.

"ल्युदविक," पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली, "इथे सूर्य मागच्या बाजूने जातो रे. उत्तरेकडून. दोरी मागे घे."

"सूर्य काय तुझ्या चादरीसाठी रस्ता बदलतो?"

"तो कुणासाठीच बदलत नाही. तूच भलत्या बाजूला उभा आहेस."

ल्युदविकने फावडं उचललं आणि वेलींकडे चालू पडला. माणूस मठ्ठ नव्हता. त्याला नेमकं कळलं होतं. दोरी चुकीच्या बाजूला आहे म्हटलं, तर सातशे वेली कुठल्या बाजूला आहेत?

आता यात त्याची चूक नव्हती असं नाही, पण ती चूक त्याच्या एकट्याचीही नव्हती. ज्या विपावाच्या खोऱ्यातून ही दोघं आली, तिथे शेंबडं पोरही सांगेल, द्राक्षं दक्षिणेच्या उताराला, सरपण उत्तरेच्या. दक्षिण म्हणजे ऊन, दक्षिण म्हणजे वाइन, दक्षिण म्हणजे पोरीला चांगलं स्थळ. ल्युदविकच्या बापाकडे असा एक उतार होता. तो गेला थोरल्याला, एव्गेनला. ल्युदविकला काय मिळालं? बापाचा एक होकायंत्राचा डबा, पहिल्या महायुद्धातला. पंचावन्न साली सरहद्द ओलांडून इटलीत पळायच्या आदल्या दिवशी एव्गेनने त्याला मळ्याच्या कडेला उभं करून सुनावलं होतं, "तुला स्वतःच्या ताटातलं सूप राखता येत नाही, तू परमुलखात जाऊन काय दिवे लावणार?"

ते वाक्य ल्युदविकने ऑस्ट्रेलियात आणलं. ट्रंकेत दुसरं फारसं काही नव्हतंच.

पाच वर्षं तो डोंगराखालचे बोगदे खणत होता. धरणाचं पाणी इकडचं तिकडे न्यायचे बोगदे. अंधारात उतरायचं, अंधारात वर यायचं. सूर्य कुठून उगवतो आणि कुठून जातो हे बघायला वेळ कुणाला होता? आणि जमीन घेतली ती जानेवारीत. जानेवारीत इथे सूर्य डोक्यावर असतो, टेकडीच्या सगळ्या अंगांना सारखाच भाजतो. तो होकायंत्र घेऊन माथ्यावर उभा राहिला, काटा स्थिर होऊ दिला आणि बोगदेवाल्यांच्या छावणीवर परत येऊन ओरडला, "आल्बिना, दक्षिणेचा उतार! अख्खाच्या अख्खा दक्षिण!"

आणि खरं सांगायचं तर आल्बिनाही त्या दिवशी आनंदाने रडली होती. तीही विपावाचीच. हे ती पुढे कुणाला सांगत नसे.

पण तिला निदान सहा महिन्यांत कळलं. त्याला कळलं आणि त्याने ते पुरलं, खांबांसारखं, सिमेंटात.

तिसऱ्या वर्षी पहिली द्राक्षं धरली. तोडणीचा मार्च संपला, एप्रिल आला, दाणे हिरवेच. दुपारी तीन वाजले की माथ्याची सावली वेलींवर उतरायची आणि थंडी वाजायला लागायची. वाइन निघाली ती अशी की पाव बुडवला तर पावाने तोंड वाकडं करावं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं दर वर्षी नवं अंगण. एका वर्षी पिंप वाईट. एका वर्षी कलमं वाईट, रोपवाल्याने फसवलं. एका वर्षी म्हणे समुद्राचा वारा. एकदा तर चंद्र.

"चंद्र तरी बरोबर बाजूने जातो का रे इथे?" आल्बिनाने विचारलं. त्याने त्या दिवशी जेवण केलं नाही.

तिने छाटणीतल्या सहा काड्या उचलून नेल्या होत्या. फेकवत नाही, म्हणून. खुराड्याच्या उत्तरेच्या भिंतीला खोचल्या आणि विसरून गेली. चार वर्षांत त्या भिंतीवर वेल चढला, आणि दर मार्चला घोसच्या घोस, मधासारखे पिवळे, इतके गोड की कोंबड्या खाली पडलेल्या दाण्यांवरून मारामाऱ्या करायच्या. तिने एक घोस आणून नवऱ्यासमोर ठेवला. एक शब्द बोलली नाही, मुद्दाम.

ल्युदविकने घोसाला हातही लावला नाही. "कोंबड्यांच्या खतामुळे," तो म्हणाला.

आणि मग, देवा परमेश्वरा, वर्षभर तो माणूस पाठीवर टोपली बांधून कोंबड्यांचं खत दक्षिणेच्या उतारावर वाहत होता. सातशे वेलींना! पानं आली हत्तीच्या कानाएवढी. दाणे हिरवे.

"सुंभ जळेल तरी पीळ जायचा नाही तुझा," ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

असं सगळं चालू असताना अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली, डोरिसबाईंनी कुंपणावरून हाक मारली. डोरिसबाई म्हणजे साठीची विधवा, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने फटकळ, आल्बिनावर जीव. आल्बिनाच्या ओल्या चादरी गेली सात वर्षं त्यांच्याच कुंपणावर वाळत होत्या, ल्युदविक दिसेनासा झाला की.

"ऑल्बी, मी आता बहिणीकडे जिलाँगला चालले. गुडघे म्हणतात बस झालं. कुरण विकायचंय. एक घोडेवाला मागे लागलाय, पण त्याचं तोंड मला आवडत नाही. तुम्ही घ्या. ईस्टरच्या सोमवारपर्यंत थांबते मी."

आल्बिना कुंपणाची तार धरून पलीकडे बघत राहिली. अख्खा उत्तरेचा उतार! सकाळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत ऊन. पैसे होते. ल्युदविक खर्चिक नव्हता आणि तिने तेरा वर्षं दुसऱ्यांची घरं पुसली होती. पैशांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता नाकाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे एव्गेनचं पत्र. ईस्टरला येतोय. बोटीचं तिकीट काढलं. आता म्हातारपणी एकदा धाकट्याचा मळा बघायचाय.

ते पत्र वाचून ल्युदविकच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आठ वर्षं हा माणूस भावाला लिहीत आला होता. दक्षिणेचा उतार, सातशे वेली, वाइन अशी की इथले इटालियन रांग लावतात. एक ओळ खरी, दोन खोट्या, अशी पत्रं.

"कुरण घेऊ या," आल्बिना त्याच रात्री जेवताना म्हणाली. "एव्गेन येईल तेव्हा सरळ सांग. इथे जग उलटं आहे, मी चुकलो, आता या बाजूला लावतोय."

"उत्तरेचा उतार विकत घेतला असं सांगू? एव्गेनला?" त्याने चमचा खाली ठेवला. "तो परत जाऊन अख्ख्या गावाला सांगेल. म्हणेल, बोगद्यात राहून आंधळा झाला."

"मग काय करणार आहेस?"

त्याने काय केलं ते ऐका. ईस्टरच्या पंधरा दिवस आधी सातशे वेलींची द्राक्षं हिरवीच तोडून टाकली, म्हणजे दाणा तोंडात टाकून बघायला एव्गेनला एक मिळू नये. आणि खालच्या गावातल्या कार्मेलोकडून, तो कालाब्रियाचा इटालियन, दोन मोठे बुधले पांढरी वाइन आणली आणि आपल्या एका रिकाम्या पिंपात ओतली. बुधले धुऊन मोरीत लपवायचं काम कुणाकडे? आल्बिनाकडे. ती बुधले घासत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होती. आठ वर्षं टेकडी खुरपली हिने, दाणे वेचले हिने, आणि आता खोटंही घासूनपुसून ठेवायचं हिनेच!

"कुरणाचं काय?" ती रोज विचारायची.

"बघू."

"सोमवारपर्यंत मुदत आहे."

"बघू म्हटलं ना!"

शुक्रवारी एव्गेन आला. साठीचा, वाळलेला, काठी टेकत, पण नजर तीच, ससाण्याची. शनिवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. कॉफी प्यायच्या आधी तो उतारावर गेला. ल्युदविक त्याच्या मागे, शाळेत मास्तरमागे जावं तसा. आल्बिना खांबाजवळ ओली चादर पिळत उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

एव्गेनने वाकून माती घेतली, चुरली, हुंगली. वेलीच्या खोडावर अंगठा फिरवला. "तोडणी झाली इतक्यात?"

"झाली," ल्युदविक म्हणाला.

"बघ! ऊन असलं की लवकर होते." मग हात पुढे केला. "आप्पांचं होकायंत्र आहे ना तुझ्याकडे? दे."

तो डबा हातावर धरून तो म्हातारा किती तरी वेळ उभा राहिला. काटा थरथरला, थांबला. त्याने टोपी काढली.

"दक्षिण," एव्गेन म्हणाला. "आप्पांच्या मळ्यापेक्षाही सरळ दक्षिण. ल्युदविक, मी तुला एक गोष्ट बोललो होतो, तू निघालास तेव्हा. तेरा वर्षं ती माझ्या घशात अडकली आहे. आप्पांचा डोळा तुलाच होता. मला नव्हता. मी चुकलो."

आल्बिनाच्या हातातली चादर चिखलात पडली. हसावं की रडावं! तोही तीच चूक करत होता! विपावाचा सगळ्यात शहाणा मळेवाला, होकायंत्र हातात घेऊन, नेमकी तीच चूक. आणि वर काय, माथ्यावर येऊन त्याने कुंपणापलीकडे डोरिसबाईंच्या कुरणाकडे बघितलं आणि तो चुकचुकला. "ही सावलीबाजू कुणाची? बिचारा."

झालं, तिला वाटलं. संपलं. आता हा मेला तरी कबूल करणार नाही. ज्या एका माणसाच्या तोंडून ज्या एका वाक्यासाठी तो जगत होता, ते वाक्य त्याला मिळालं, आणि तेही चुकीच्या उतारासाठी. आता जन्मभर इथेच, हिरवे दाणे आणि ओल्या चादरी. तिला इतका राग आला की तिने चादर पुन्हा धुतली नाही, तशीच चिखलासकट दोरीवर टाकली.

ल्युदविक मात्र खुश दिसेना. शनिवारी दुपारी ईस्टरची टोपली आशीर्वादाला चर्चमध्ये नेली, हॅम, रंगवलेली अंडी, किसलेला तिखट मुळा, पोतीत्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळून भाजलेला गोड पाव; तेव्हाही भाऊ बोलत होता, हा मान हलवत होता. संध्याकाळी जेवला नाही. दात दुखतोय म्हणाला.

रविवारी आभाळ स्वच्छ उघडलं. बारा वाजता टेबल मांडलं. पांढरा टेबलक्लॉथ, आल्बिनाने लग्नात आणलेला. हॅमच्या चकत्या, अंडी, मुळ्याने डोळ्यांत पाणी, पोतीत्साची चकती कापली तर आत अक्रोडाचा भोवरा. त्यांची बारा वर्षांची मुलगी नेवेंका काकाच्या शेजारी, काका तिला गावाकडच्या गोष्टी सांगतोय.

"आता वाइन आण की," एव्गेन म्हणाला. "तेरा वर्षं वाट बघतोय."

ल्युदविक सुरई घेऊन तळघरात उतरला. दोन पिंपं होती. डावीकडे कार्मेलोची, उजवीकडे त्याची स्वतःची. आल्बिना जिन्याकडे कान लावून बसली. वेळ झाला. फार वेळ झाला. मग पावलं वाजली.

त्याने सुरई टेबलावर ठेवली आणि आल्बिनाला रंगावरूनच कळलं. कार्मेलोची पिवळी होती. ही हिरवट, पाण्यासारखी.

"ल्युदविक!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"असू दे," तो म्हणाला आणि भावाचा पेला भरला.

एव्गेनने उजेडात धरली, हुंगली, भुवई वर गेली. घोट घेतला. मग चेहरा असा आवळला की नेवेंका फिसकन हसली. पेला धाडकन खाली ठेवला, आणि टेबलक्लॉथवर ओघळ गेला.

"हे काय आहे?"

"माझी वाइन. त्या उताराची."

"पण... पत्रात तर..."

"पत्र खोटं. सगळी पत्रं खोटी. खाली कार्मेलोची आणून ठेवली होती तुला पाजायला. काल तू टोपी काढलीस म्हणून नाही पाजली." ल्युदविकचा आवाज चिरकत होता. "इथे सूर्य उत्तरेने जातो, एव्गेन. दक्षिणेचा उतार म्हणजे इथली सावलीबाजू. मी आठ वर्षं सरपणाच्या जागेवर द्राक्षं लावली."

 एव्गेन उठला, काठी घेऊन दारात गेला, पुढच्या पायरीवर उभा राहिला. सूर्य घराच्या मागे, छपरावरून वाकून बघत होता. अंगणात घराची सावली पडली होती, छपरासकट, वेलींकडे तोंड करून. म्हातारा सावलीच्या बाहेर चालत गेला आणि थांबला. मग त्याची स्वतःची सावली उताराखाली लांब पडली, दक्षिणेला. त्याने एकदा सावलीकडे बघितलं, एकदा मागे वळून सूर्याकडे. 

परत आला आणि धपकन बसला. "मीही हीच घेतली असती," तो म्हणाला. "आप्पांनीही हीच घेतली असती. होकायंत्र लावून." मग डोकं हलवलं. "पण आठ वर्षं, ल्युदविक! आठ वर्षांत तुला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना," ल्युदविक म्हणाला. "आल्बिनाने सांगितलं. पहिल्याच हिवाळ्यात. चादर वाळत नाही म्हणाली. सूर्य मागून जातो म्हणाली. मला तेव्हाच पटलं होतं."

आल्बिना पोतीत्सा कापत होती. सुरी तशीच हातात राहिली.

"पटलं होतं?" ती म्हणाली.

तो टेबलक्लॉथवरचा ओघळ पुसायला लागला.

"पटलं होतं! आणि चंद्र? आणि पिंप? आणि ते खत, वर्षभर? मी माझी पाठ मोडून घेतली त्या उतारावर, आणि तुला पटलं होतं?"

"तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर मग..." त्याने हात पसरले. "मग पाच वर्षं बोगद्यात कशासाठी काढली? तू माझ्यामागे सगळं सोडून आलीस, ते कशासाठी? भावासमोर लाज एकदाच वाटते, आल्बिना. तुझ्यासमोर रोज वाटली असती."

"वा रे वा! म्हणजे तुझी लाज वाचावी म्हणून माझा जन्म ओला!" तिचे डोळे भरले होते, पण रडायला तिला आत्ता सवड नव्हती. सोमवार उद्या होता. तिने पोतीत्साचे चार तुकडे ताटलीत घातले, ॲप्रन न काढताच मागच्या दाराने बाहेर पडली आणि कुंपण ओलांडून डोरिसबाईंच्या दारात उभी राहिली.

"डोरिसबाई, घेतलं! आम्ही कुरण घेतलं. तो कबूल झाला."

डोरिसबाईंनी ताटली घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं ऑल्बी... ल्युदविक गुरुवारी येऊन नाही म्हणून गेला. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलं. घोडेवाल्याला मी काल शब्द दिला. उद्या तो हद्दीच्या खुंट्या मारायला येतोय." त्यांनी तिचा दंड धरला. "तुला सांगितलं नाही का गं त्याने?"

आल्बिनाने मान हलवली. बोलली असती तर काय निघालं असतं तोंडातून कोण जाणे. आपल्यावर जीव लावणाऱ्या बाईला ईस्टरच्या दिवशी शिव्या ऐकवू नयेत.

परत आली तर दोघे भाऊ खुराड्यामागे. ल्युदविक ईस्टरच्या कोटात, भिंतीवरच्या वेलीतला उरलासुरला घोस हातात, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा एक दाणा तोंडात. एव्गेन दुसरा खाता खाता तिसरा तोडत होता. तिचा चेहरा बघितला आणि ल्युदविकने घोस खाली घेतला. त्याला कळलं.

"गेलं," ती म्हणाली. "गुरुवारीच गेलं. तूच घालवलंस."

"आल्बिना, गुरुवारी मला..."

"एक अक्षर बोलू नकोस."

एव्गेनला बिचाऱ्याला काय करावं समजेना. त्याने काठीने पट्टी मोजली, कुंपणापर्यंत बारा पावलं. "ही पट्टी तरी तुमची आहे," तो हळूच म्हणाला. "खुराडं तिकडे हलवलं तर साठेक वेली बसतील. दोन ओळी. वर्षाला एक पिंप निघेल, पण निघेल ते सोनं. ल्युदविक, वेली किती अंतरावर..."

"सव्वा मीटर," ल्युदविक लगेच म्हणाला. "तारा तीन..."

"थांबा!" आल्बिना अशी ओरडली की कोंबड्या फडफडल्या. दोघे भाऊ तिथल्या तिथे थबकले. "इथे एक वेल लागणार नाही. एक काडी नाही. आधी माझी दोरी. त्या पट्टीवर पहिली माझी दोरी येईल, दोन्ही खांबांसकट. मग उरलेल्या जागेत तुमची द्राक्षं लावा नाहीतर दगड लावा."

"आज?" ल्युदविक म्हणाला. "अगं, ईस्टर आहे."

"आठ ईस्टर गेले."

त्याने कोट काढला. पहार आणली. सिमेंट त्याने स्वतःच घातलं होतं, बोगद्यातलं पक्कं, त्यामुळे फुटता फुटेना. एव्गेनने काठी टाकून घण घेतला. दुपार गेली, सावली उतारावर उतरली, दोघे घामाने निथळले, एव्गेनच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की नेवेंकाला आत बोलवावं लागलं. आल्बिनाने मदत केली नाही. पायरीवर बसून तिने रंगवलेलं अंडं सोललं आणि मीठ लावून सावकाश खाल्लं.

सोमवारी सकाळी तिने टेबलक्लॉथ धुतला. वाइनचा डाग काही गेला नाही. तो मागच्या दोरीवर टाकला, आणि कुंपणापलीकडे घोडेवाला खुंट्या ठोकत होता ते बघत उभी राहिली. तो अख्खा उतार उन्हात न्हात होता, आणि तो आता कधीच तिचा होणार नव्हता. अकरा वाजता तिने हात लावून बघितला तर टेबलक्लॉथ खडखडीत वाळलेला, गरम. मग मात्र तिला रडू फुटलं. कुणाला वाटेल आनंदाने, पण नाही, रागाने. तिने तो घडी घालून छातीशी धरला आणि उभ्या उभ्या रडली, आणि ल्युदविक खुराड्याआड उभा राहून बघत होता, पण जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.